वारसा वास्तूंच्या मालकांना मालमत्ता करात सवलत: कशासाठी, कशी आणि कोणत्या अटींवर

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, क्रुडन बे या गावाजवळच्या कड्यावर स्लेन्स कॅसल नावाचा एक प्रचंड वाडा उभा आहे. त्याच्या भिंती बऱ्याच अंशी शाबूत आहेत, पण त्यावर छप्पर नाही. १९२५ मध्ये ते मुद्दाम उतरवण्यात आले, कारण छप्पर असलेल्या इमारतीवर स्थानिक कर लागू होत असे आणि छप्पर नसलेल्या इमारतीवर तो लागत नसे. विसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या इतरही काही मोठ्या वाड्यांची हीच गत झाली. त्याच्या कितीतरी आधी, १६९६ ते १८५१ या काळात, इंग्लंडमध्ये खिडक्यांच्या संख्येवर कर आकारला जात होता आणि तो टाळण्यासाठी विटांनी बुजवलेल्या खिडक्या तिथल्या जुन्या घरांवर आजही पाहायला मिळतात. यातला कोणताही कर वास्तू विद्रूप करण्याच्या हेतूने बसवलेला नव्हता. तरीही कर कशावर आणि कोणत्या हिशेबाने लावला जातो, यावरून मालक आपल्या इमारतीचे काय करणार हे बरेचसे ठरून जाते.

ऐतिहासिक इमारत जतन करणाऱ्या मालकाला मालमत्ता करात सवलत मिळते असे ऐकल्यावर सामान्य करदात्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की ज्याच्याकडे आधीच एवढी देखणी वास्तू आहे त्यालाच सूट कशाला. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुढे येईलच. मात्र त्याआधी सवलत नसताना हा कर काय करतो ते समजून घ्यावे लागते.

सवलत नसते तेव्हा

मालमत्ता कराचा हिशेब मुळात साधा असतो. आधी मालमत्तेचे मूल्य ठरवायचे आणि मग त्याला कराच्या दराने गुणायचे. दर सगळ्यांना दिसतो, त्याच्यावर वाद होतात, वर्तमानपत्रांत मथळे येतात. खरी मेख मात्र मूल्यात असते. बाजारात एखाद्या जागेचा भाव ठरतो तो तिथे आज काय उभे आहे एवढ्यावरून नव्हे, तर तिथे उद्या काय उभे राहू शकते यावरूनही. ज्या रस्त्यावर वीस मजली इमारतीला परवानगी आहे तिथल्या दोन मजली जुन्या घराचा बाजारभाव त्या घराचा नसतोच. तो पुढच्या अठरा मजल्यांचा असतो. या भावावर कर बसवणे म्हणजे फळझाडावर कर लावताना त्याला दरवर्षी किती फळे येतात हे न पाहता ते तोडल्यावर किती लाकूड निघेल याचा हिशेब धरण्यासारखे आहे. झाड राखणाऱ्याला मग दरवर्षी अशा उत्पन्नावर कर द्यावा लागतो, जे ते झाड तोडल्याखेरीज त्याच्या हाती कधीच येणार नाही.

दुसरी अडचण दुरुस्तीची आहे. पडझड झालेल्या इमारतीचे मूल्य कमी धरले जाते, त्यामुळे तिच्यावरचा करही कमी असतो. मालकाने पदरचे पैसे घालून छप्पर बदलले, वाळवी लागलेल्या तुळया काढून नव्या घातल्या, दर्शनी भागाचे दगडकाम पूर्ववत केले, की पुढच्या मूल्यांकनात इमारतीची किंमत वाढते आणि तिच्यामागोमाग करही वाढतो. दुर्लक्ष करणाऱ्याला कमी कर आणि निगा राखणाऱ्याला जास्त कर, अशी ही उलटी व्यवस्था होते. नव्या इमारतींनाही हे लागू आहे, पण जुन्या इमारतीत ते अधिक बोचते, कारण तिची दुरुस्ती मुळातच महाग असते: चुन्याचे काम जाणणारे कारागीर थोडे, जुन्या मापाचे लाकूड दुर्मीळ आणि प्रत्येक बदलासाठी वेगळी परवानगी.

वापर पाहून मूल्य ठरवणे

यावरचा सर्वांत जास्त अभ्यासण्यासारखा तोडगा अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात सापडतो. १९७२ मध्ये तिथे झालेला कायदा सिनेटर जेम्स मिल्स यांच्या नावावरून मिल्स कायदा म्हणून ओळखला जातो. अधिकृत वारसा यादीत नोंद असलेल्या खासगी इमारतीचा मालक आपल्या शहराशी किंवा काउंटीशी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) करार करतो. इमारत जतन करण्याची, गरज असेल तिथे ती पूर्वस्थितीला आणण्याची आणि ठरावीक काळाने तपासणी होऊ देण्याची हमी तो देतो. त्या बदल्यात इमारतीचे करयोग्य मूल्य वेगळ्या रीतीने काढले जाते. करार किमान १० वर्षांचा असतो आणि दरवर्षी आपोआप एका वर्षाने वाढतो, त्यामुळे कोणीही नोटीस देऊन तो थांबवला नाही, तर १० वर्षांचे बंधन नेहमीच पुढे उभे असते.

वेगळी रीत म्हणजे काय, ते एका काल्पनिक घरावरून पाहू. समजा, घराचा बाजारभाव १० लाख डॉलर आहे. कॅलिफोर्नियात मूळ कर साधारण १ टक्का असल्याने एरवी वर्षाला १०,००० डॉलर भरावे लागले असते. मिल्स करारात मात्र मूल्यांकन करणारा अधिकारी असे विचारतो, की हे घर आहे त्या स्थितीत भाड्याने दिले तर किती मिळेल. समजा, महिन्याला ५,००० म्हणजे वर्षाला ६०,००० डॉलर मिळतील, आणि त्यातून विमा, देखभाल वगैरेंचा १२,००० डॉलर खर्च वजा जाता ४८,००० उरतील. या वार्षिक उत्पन्नावरून घराची किंमत काढण्यासाठी एका टक्केवारीने भागाकार करतात, तिला भांडवलीकरण दर म्हणतात. व्याजाचा दर, जोखीम, खुद्द मालमत्ता कर आणि इमारतीची झीज असे चार घटक मिळून तो बनतो. जोखमीचा घटक कायद्यानेच ठरवून दिला आहे: मालक स्वतः राहत असेल तर ४ टक्के, नाही तर २ टक्के. बाकीचे घटक धरून दर १२ टक्के आला असे मानले, तर ४८,००० भागिले ०.१२ म्हणजे ४ लाख डॉलर हे घराचे करयोग्य मूल्य झाले आणि कर ४,००० डॉलर. वर्षाला ६,००० डॉलर वाचले. राज्याचे ऐतिहासिक जतन कार्यालय ४० ते ६० टक्के बचत होऊ शकते असे सांगते, ती याच हिशेबाने.

यात एक घटनात्मक अडचणही होती. सर्व मालमत्तांचे मूल्यांकन एकाच निकषावर व्हावे हा राज्यघटनेतला दंडक असल्याने एका वर्गाला वेगळी पद्धत लावण्यासाठी १९७६ मध्ये मतदारांकडून घटनादुरुस्ती मंजूर करून घ्यावी लागली. कल्पना मात्र तोवर रुळलेली होती, कारण त्याच राज्यात १९६५ पासून शेतजमिनींसाठी असाच कायदा लागू होता. जमीन शेतीखालीच ठेवीन असा करार शेतकऱ्याने केला, की तिचे मूल्य घरांसाठीचे भूखंड म्हणून न धरता शेती म्हणून धरले जाते. वारसा वास्तूंना शेतजमिनीचाच न्याय लावला गेला, असे म्हणता येईल.

मूल्य गोठवणे आणि इतर मार्ग

कॅलिफोर्नियाची पद्धत पहिल्या अडचणीवर, म्हणजे फुगलेल्या बाजारभावावर, बोट ठेवते. दुरुस्तीमुळे कर वाढण्याच्या दुसऱ्या अडचणीवर इतर राज्यांनी वेगळे उपाय काढले. ओरेगॉनने १९७५ मध्ये वारसा वास्तूंचे करयोग्य मूल्य काही वर्षांसाठी आहे तिथेच गोठवण्याची योजना आणली. जॉर्जियातही दुरुस्ती केलेल्या वास्तूचे मूल्य काही वर्षे गोठवले जाते. वॉशिंग्टन राज्यात मालकाने दोन वर्षांत इमारतीच्या मूल्याच्या निदान २५ टक्के रक्कम मान्यताप्राप्त दुरुस्तीवर खर्च केली, तर तो खर्च १० वर्षांपर्यंत करयोग्य मूल्यातून वजा होतो.

शिकागो ज्या कुक काउंटीत येते तिथली रीत व्यापारी इमारतींसाठी आहे. एरवी व्यापारी मालमत्तेचे करयोग्य मूल्य बाजारभावाच्या २५ टक्के धरतात. मानांकित वास्तूच्या दुरुस्तीवर मालकाने इमारतीच्या मूल्याच्या निम्म्याइतकी तरी गुंतवणूक केली, तर पहिली १० वर्षे हे प्रमाण १० टक्क्यांवर येते, अकराव्या वर्षी १५ आणि बाराव्या वर्षी २० टक्के होते आणि मग पूर्ववत होते. शेवटच्या दोन वर्षांच्या या पायऱ्या मला फार शहाणपणाच्या वाटतात. सवलत एका दिवसात संपली, की त्या वर्षी मालकाच्या अंगावर एकदम मोठी रक्कम येते आणि इमारत विकण्याचा किंवा रिकामी करण्याचा विचार नेमका तेव्हाच सुरू होतो.

“पाडायला कायद्यानेच बंदी आहे, मग पैसे कशाला?”

या आक्षेपाला कायद्याचा आधार आहे. न्यूयॉर्कमधले भव्य पेनसिल्व्हेनिया स्टेशन १९६३ पासून पाडले गेले, त्यावर हळहळ व्यक्त झाली आणि १९६५ मध्ये शहराने वारसा वास्तूंचा कायदा केला. त्या कायद्यामुळे ग्रँड सेंट्रल स्थानकावर पन्नासहून अधिक मजल्यांचा मनोरा बांधण्यास परवानगी नाकारली गेली, तेव्हा मालक कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९७८ च्या निकालात न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली: स्थानकातून वाजवी उत्पन्न मिळते आहे, वापरात न आलेले बांधकामाचे हक्क कंपनीला आसपासच्या भूखंडांवर नेण्याची सोय आहे, तेव्हा भरपाई देण्याजोगी ही हिरावणूक नव्हे. न वापरलेले बांधकामाचे हक्क दुसरीकडे नेण्याची ही सोय मराठी वाचकाला टीडीआर या नावाने परिचित आहे. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीतही ती आहे.

म्हणजे बंधन घालण्यासाठी पैसे द्यावेच लागतात असे नाही. पण बंदी फक्त एक गोष्ट थांबवू शकते, ती म्हणजे मालकाने हातोडा उचलणे. पन्हळी तुंबू देणे, गळके छप्पर तसेच ठेवणे, तुटलेल्या काचांतून चार पावसाळे आत येऊ देणे आणि मग इमारत धोकादायक झाली आहे असा अर्ज करणे, हे सगळे बंदीच्या कक्षेत पकडणे अतिशय कठीण असते. दुरुस्तीची सक्ती करणारे कायदे आहेत. पण ज्याला खर्च परवडतच नाही त्याच्यावर सक्ती करून छप्पर नीट होत नाही. बंदी वास्तूला पाडकामापासून वाचवते, तर करसवलत दुर्लक्षापासून वाचवण्याचा प्रयत्न करते. शिवाय अमेरिकेत राष्ट्रीय यादीत नुसती नोंद झाल्याने खासगी मालकावर कोणतेच बंधन येत नाही. तो स्वतःच्या पैशाने ती वास्तू पाडूही शकतो. अशा ठिकाणी स्थानिक कायदा नसेल, तर मालकाला बांधून ठेवणारा दस्तऐवज फक्त करार हाच असतो.

“श्रीमंतांच्या हवेल्यांसाठी इतरांनी कर का भरायचा?”

हा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो पूर्णपणे खोडून काढता येत नाही, असे माझे मत आहे.

कॅलिफोर्नियातच पाहू. तिथे १९७८ च्या एका सार्वमताने मालमत्तेचे करयोग्य मूल्य खरेदीच्या किमतीला बांधून टाकले आणि त्यात वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करण्यास मनाई केली. त्यामुळे ज्या कुटुंबाने जुने घर चाळीस वर्षांपूर्वी घेतले त्याचे करयोग्य मूल्य आधीच अगदी कमी असते. वरच्या उदाहरणातल्या घराच्या शेजारी तसेच घर असेल आणि त्याचे नोंदलेले मूल्य ३ लाख डॉलर असेल, तर मिल्स करारातून येणारे ४ लाखांचे मूल्य त्या कुटुंबाच्या काहीच उपयोगाचे नाही, कारण कर नेहमी उपलब्ध मूल्यांपैकी सर्वांत कमी मूल्यावरच आकारला जातो. दशकानुदशके घर सांभाळणाऱ्या वृद्ध दाम्पत्याला शून्य लाभ आणि गेल्या वर्षी चढ्या भावाने तेच घर विकत घेणाऱ्याला मोठा लाभ, असा परिणाम होतो. त्यातही करार जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जातो, म्हणून करार असलेले घर विकताना पुढच्या वर्षांची करबचत विक्रीच्या किमतीत मिळवता येते. म्हणजे सवलतीचा काही भाग दुरुस्तीकडे न जाता विकणाऱ्याच्या खिशात जाऊ शकतो.

महसुलाची वाटणी हा आणखी एक मुद्दा सहसा चर्चेत येत नाही. करार शहर करते, पण त्या मालमत्तेचा कर एकट्या शहराला मिळत नाही. काउंटी, शाळा आणि विशेष सेवांची मंडळे यांचाही त्यात वाटा असतो. सही करणाऱ्याला नुकसानीचा फक्त एक तुकडा सोसावा लागतो, त्यामुळे त्याचा हात सढळ होण्याचा धोका असतो. काही शहरांनी यावर मर्यादा घालून घेतल्या आहेत. सॅन फ्रान्सिस्कोने निवासी इमारतींसाठी ३० लाख डॉलर आणि व्यापारी इमारतींसाठी ५० लाख डॉलर मूल्याची कमाल मर्यादा ठेवली आहे आणि तिला अपवाद हवा असल्यास मालकाला वेगळे समर्थन द्यावे लागते.

समर्थकांचे उत्तर असे, की चांगल्या स्थितीतल्या जुन्या इमारतीचा फायदा तिच्या मालकापुरता राहत नाही. रस्ता, शेजारची घरे, तिथे येणारे लोक हे सगळे त्यात भागीदार असतात आणि खर्च मात्र एकटा मालक करतो. हे मान्य केले तरी किती भरपाई पुरेशी, हा प्रश्न उरतोच. फ्रान्सने सार्वजनिक फायदा कायद्यातच मागून घेतला आहे. तिथे संरक्षित वास्तूच्या वारसांना वारसा करातून सूट हवी असेल, तर देखभालीबरोबरच वास्तू लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवण्याचा करारही सरकारशी करावा लागतो. ज्याला दार बंद ठेवायचे आहे त्याने पूर्ण कर भरावा, हा सौदा निदान समजण्यासारखा आहे.

“सवलत घेतली आणि काम केलेच नाही तर?”

इथे सगळे काही अटींवर अवलंबून असते. मिल्स करारात नव्या करारापूर्वी आणि नंतर दर पाच वर्षांनी इमारतीची आतून-बाहेरून तपासणी करावी लागते. मालकाने करार मोडला आणि शहराने तो रद्द केला, तर इमारतीच्या बाजारभावाच्या १२.५ टक्के इतका दंड आहे. आपल्या काल्पनिक घराच्या बाबतीत तो १,२५,००० डॉलर होईल, म्हणजे वीस वर्षांच्या बचतीपेक्षाही जास्त. इतका मोठा दंड लावायला मात्र शहरेही सहज धजत नाहीत आणि तपासणीला पुरेसे कर्मचारी नसतील तर पाच वर्षांची अट कागदावरच राहू शकते. करारासोबत दर वर्षी कोणते काम करायचे याचे वेळापत्रक जोडलेले असेल, तर तपासणी करणाऱ्याला निदान विचारायला काही ठोस तरी असते.

अट कामाला न जोडता भलत्याच गोष्टीला जोडली, तर काय होते याचा धडा पुन्हा ब्रिटनमध्येच मिळतो. इंग्लंडमध्ये रिकाम्या व्यापारी इमारतींवरही कर लागतो, पण वारसा यादीतली इमारत रिकामी असेल तर तिला त्यातून सूट आहे. हेतू दयेचा असला, तरी सूट मिळते ती रिकामेपणाबद्दल. दुरुस्तीची कोणतीच अट तिला नाही, आणि जुन्या इमारतीला रिकामेपणाइतके घातक दुसरे काही क्वचितच असेल. तिथल्या मूल्यवर्धित कराचा किस्साही असाच आहे. यादीतल्या घरात मंजुरी घेऊन केलेल्या फेरबदलांवर बरीच वर्षे हा कर शून्य होता, दुरुस्तीवर मात्र पूर्ण दराने द्यावा लागे. जुनी खिडकी नीट करण्यापेक्षा घराचा नकाशा बदलणे करापुरते तरी स्वस्त होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये ही विसंगती दूर झाली, पण ती दुरुस्तीवरचा कर कमी करून नव्हे. फेरबदलांवरही कर बसवून.

“मग सरळ अनुदान का देऊ नये?”

अनुदान अधिक प्रामाणिक आहे, यात शंका नाही. ते अंदाजपत्रकात दिसते, त्यावर मतदान होते आणि कोणत्या इमारतीला किती दिले हे कोणालाही वाचता येते. करसवलत म्हणजे न आलेला महसूल, आणि न आलेल्या पैशाची चर्चा कमी होते. पण अनुदान दरवर्षी नव्याने मागावे लागते आणि आर्थिक तंगीत कात्री पहिल्यांदा अशाच खर्चाला लागते. दहा वर्षांचे दुरुस्तीचे नियोजन करणाऱ्या मालकाला करातली निश्चित सवलत अधिक भरवशाची वाटते.

सवलतीची एक मोठी उणीव मात्र यातूनच स्पष्ट होते. छप्पर बदलायचे तर पैसे एकरकमी लागतात आणि करबचत दरवर्षी थोडीथोडी येते. ज्याच्याकडे गाठीला रक्कम आहे किंवा ज्याला कर्ज मिळू शकते, त्यालाच तिचा पूर्ण उपयोग होतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारची प्राप्तिकरातली सवलत या दृष्टीने खर्चाच्या जास्त जवळ जाते: मान्यताप्राप्त दुरुस्तीवर जेवढा खर्च झाला त्याच्या २० टक्के रक्कम थेट करातून वजा होते, मात्र २०१७ च्या कायद्यापासून ती पाच वर्षांत विभागून मिळते. शिवाय ती फक्त उत्पन्न देणाऱ्या इमारतींना आहे, स्वतः राहण्याच्या घरांना नाही. म्हणून अनेक मालक, विशेषतः दुकाने किंवा भाड्याची घरे असलेल्या इमारतींचे, केंद्राची ही सवलत आणि स्थानिक मालमत्ता करातली सवलत अशा दोन्हींचा मेळ घालतात.

आणि काही वास्तूंना यातले काहीच लागू होत नाही. प्रार्थनास्थळे, विश्वस्त संस्थांच्या शाळा, धर्मादाय रुग्णालये यांना अनेक देशांत मालमत्ता कर मुळातच माफ असतो. ज्याला कर नाही त्याला करात सवलत देता येत नाही, आणि जुन्या शहरांतल्या सर्वांत मोठ्या व दुरुस्तीला सर्वांत महाग इमारतींपैकी बऱ्याचशा नेमक्या या वर्गातल्या असतात. त्यांच्या छपरांसाठी अनुदान किंवा देणगी याशिवाय दुसरा स्रोत नाही.